दोनदा ओढून बघायचं

या पानावर येणारे अनुभव मी गेली काही वर्षं न चुकता वाचते आणि बहुतेक वेळा हसते, हे आधीच कबूल करून टाकते. पिंपळाखाली उभी असलेली बाई, गाडीला हात करणारी बाई, उलट्या पायांची बाई... पुरुष मेल्यावर कुठे जातात कोण जाणे, असं मी एकदा खाली प्रतिक्रियेत लिहिलंही होतं. त्यावर एका वाचकाने "ताई, तुमच्यावर वेळ आली की कळेल" असं सुनावलं होतं. तर आली वेळ. आता हसण्याची पाळी तुमची.

आमच्या घरात असल्या गोष्टींना कधी थाराच नव्हता. आजोबांनी छप्पन सालानंतर धम्म स्वीकारला, तेव्हा देवांबरोबर भुतंही घराबाहेर काढली असं वडील सांगायचे. लहानपणी परसात जायला घाबरले तर सोबत कोणी येत नसे. "जा आणि काय आहे ते बघून ये," एवढंच वडील म्हणायचे. बघून आलं की केळीचं पान हलत असायचं, नाहीतर मांजर असायचं. पुढे मी शाळेत इंग्रजी शिकवलं, तिथेही मुलांना हेच सांगितलं — जा आणि बघून या. म्हणून हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

आमचं घर रत्नागिरीत, नाचणे गावाच्या बाजूला. खाली आम्ही दोघं, वर एक खोली. मागे चार पायऱ्या उतरलं की विहीर, विहिरीपलीकडे जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे बुटकी कुंपणभिंत, आणि गडग्यापलीकडे दुसऱ्याची आंब्याच्या कलमांची बाग. त्या बागेत राखणीला दरवर्षी नेपाळी लोक असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निवृत्त झाल्यावर मी एका छोट्या संस्थेचं काम पत्करलं. परदेशातली मुलं-मुली सहा महिन्यांसाठी इथल्या खेड्यांतल्या शाळांवर मदतीला येतात आणि गावातल्याच एखाद्या घरात राहतात. पण विमानातून उतरवून थेट वाडीवर नेऊन सोडलं तर ती घाबरतील आणि घरचे त्यांच्याहून जास्त घाबरतील. म्हणून पहिले आठ दिवस ती आमच्या वरच्या खोलीत असतात. मी त्यांना कामापुरतं मराठी शिकवते, बालदी आणि तांब्याने आंघोळ कशी करायची ते सांगते, आमटीची सवय लावते. नवव्या दिवशी रिक्षात घालून त्यांच्या घरी पोचवून येते. याला मी 'माहेरचे आठ दिवस' म्हणते. आमचे हे म्हणतात, "सासरी धाडताना रडत जा थोडी, शोभेल."

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत इनेस आली. पोर्तुगालची, तेवीस वर्षांची, उंच आणि हडकुळी. पहिल्या दिवशी जिन्याच्या कठड्याला डोकं आपटलं, दुसऱ्या दिवशी सोलकढी प्यायली आणि आणखी मागितली, तेव्हा ही टिकेल असं मला वाटलं. शिकवायला तर मजाच. मी 'चावी' म्हटलं की ती ओरडायची, "हा तर आमचा शब्द!" बालदी तिची, परात तिची, घमेलं तिचं, साबण तिचा. तिसऱ्या दिवशी ती यांना म्हणाली की तुमचं अर्धं स्वयंपाकघर आमचं आहे. हे शांतपणे पेपर वाचत म्हणाले, "चारशे वर्षांनी परत मागायला आलीस होय? घेऊन जा, फक्त परात ठेव, संध्याकाळी भाकऱ्या करायच्यात."

हसरी होती, पण आतून काहीतरी बिनसलेलं होतं. आईशी भांडून आली होती. आईला एकटं राहावं लागणार होतं, म्हणून ती 'जाऊ नकोस' म्हणत होती, आणि ही विमानतळावर मागे वळूनसुद्धा न बघता निघाली होती. हे मला तिने स्वतःच सांगितलं. आईचा फोन आला की ती तो वाजू द्यायची आणि पालथा ठेवायची. मी म्हटलं, उचल गं. तर म्हणाली, "उद्या." मला ते आवडलं नव्हतं.

दुपारी जेवण झाल्यावर आम्ही दोघं आडवे होतो. इनेसला झोप यायची नाही. ती मागच्या पायऱ्यांवर वही घेऊन बसायची आणि अ-आ-इ-ई गिरवायची.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी चहाच्या वेळी तिने विचारलं, "ताई, दुपारी विहिरीवर येते ती मुलगी कोण?"

"कशी आहे?"

"माझ्याच वयाची. बोलत नाही. फक्त हातांनी सांगते."

मला वाटलं, राखणदारांच्या घरातली असेल. नेपाळी मुलगी, मराठी येत नसेल, इंग्रजी तर नाहीच, मग हातवाऱ्यांशिवाय काय करणार? पाण्याला गडगा ओलांडून ते लोक कधीमधी आमच्या विहिरीवर येतात, आम्ही नाही म्हणत नाही. मी इनेसला तसं सांगितलं आणि विषय संपला. बघून ये म्हणून जगाला शिकवणारी मी स्वतः चहाचा कप हातात घेऊन बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी तिने मला त्या मुलीची खूण करून दाखवली. उजवा तळहात छातीवर ठेवला. मग दोन्ही हात डाव्या कमरेशी नेऊन बोटांनी हवेत गाठ मारली, आणि ती गाठ ओढून बघितल्यासारखं केलं. "ती मुलगी रोज हेच करते आणि मला करायला लावते. याचा अर्थ काय?"

मी म्हटलं, "काही नाही, थट्टा करतेय तुझी."

"थट्टा नाही. ती हसत नाही. तिच्या हाताला पट्टी आहे, इथे." तिने डाव्या हाताच्या मागच्या बाजूला बोट लावून दाखवलं.

बागेत काम करताना लागलं असेल, मी म्हटलं. सहाव्या दिवशी मात्र मी न झोपता तिच्याबरोबर पायरीवर जाऊन बसले. ऊन होतं, मोहोराचा वास होता, रहाटावर कावळा बसला होता. तासभर बसले. कोणी आलं नाही. इनेस म्हणाली, "तुमच्या चपला वाजतात. ती दचकली असेल." पुढे मला कळलं ते कळल्यानंतर हे वाक्य आठवून मी खूप वेळ रडले आहे. आमचे हे म्हणतात, त्यात रडण्यासारखं काय आहे? त्यांना नाही सांगता येत, तुम्हालाही नाही सांगता येणार.

सातव्या दिवशी इनेस पळतच आत आली. तिचं चुकत होतं म्हणे. ती गाठ एकदाच ओढायची, आणि मुलगी मानेने नाही-नाही म्हणायची. शेवटी त्या मुलीने दोन बोटं दाखवली. दोनदा. दोनदा ओढून बघायचं. तसं केलं तेव्हा मुलीने मान डोलावली आणि गेली. आठव्या दिवशी ती आली नाही. इनेस तिच्यासाठी चिक्कीचा तुकडा ठेवून बसली होती, तो शेवटी तिनेच खाल्ला.

आता ज्या घरी तिला न्यायचं होतं त्या घराबद्दल सांगते. पावसच्या पुढे, पूर्णगडच्या वाटेला, सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी माळाच्या, पायथ्याला एक वाडी आहे. तिथे महादेवदादा आणि वत्सलावहिनी राहतात. थोडी भातशेती, दहा-बारा कलमं. दादांना मी एकदाच संस्थेच्या बैठकीत भेटले होते, वहिनींना कधीच नाही. मला एवढंच माहीत होतं की वहिनींना जन्मापासून ऐकू येत नाही, आणि त्यांची एकुलती एक मुलगी सायली मुंबईत नर्सिंग शिकत असताना तीन वर्षांपूर्वी तापाने गेली. तिची खोली रिकामी होती. दादांनीच आपण होऊन सांगितलं होतं, "घरात माणूस येऊ दे बाई, भिंतींशी किती बोलणार?"

सायली गेल्याचं मी इनेसला मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्याच खोलीत झोपायचं होतं तिला, सुरुवातीलाच कशाला? वहिनींच्या कानांचंही मी फक्त रिक्षात सांगितलं, भाट्याचा पूल ओलांडल्यावर. आणि ते सांगताना तिला बजावलं, "हे बघ, तिथे हातवारे अजिबात करायचे नाहीत. ती विहिरीवरची खूण तर मुळीच नको. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासमोर कोणी असं केलं की वेडावतायत असंच वाटतं. त्या बाईने आयुष्यभर ते सोसलं असेल." इनेसने मान हलवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसली. तिला खुणांची भाषा येते का, कधी शिकलीय का, हेही मी तेव्हाच विचारलं होतं. नाही म्हणाली.

घर जांभ्याचं, पुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. दादांनी पुढे येऊन बॅग घेतली. वहिनींनी पाणी आणि गूळ आणून ठेवला, मला नमस्कार केला, इनेसच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. मग सूप घेऊन पडवीच्या टोकाला जाऊन बसल्या, आमच्याकडे पाठ करून, आणि तांदूळ पाखडायला लागल्या. भिंतीवर सायलीचा फोटो नव्हता. मी इकडे-तिकडे बघितलेलं दादांच्या लक्षात आलं.

"फोटो लावू देत नाय ती," ते हळू आवाजात म्हणाले. खरं तर हळू बोलायची काही गरज नव्हती. "लावला म्हंजे गेली, आसं व्हतंय ना. ट्रंकेत हाय."

"वहिनींची मर्जी दिसत नाही, दादा."

"नाय हाय. मीच मागं लागलो. चार दिस बगा बाई, नायच जमलं तर पोरीला दुसरीकडं न्या. तिची काय चूक?"

मी इनेसला त्यातलं अर्धंच सांगितलं, पण तिला कळायचं ते कळलं. तासभर ती हात तसेच मांड्यांखाली घालून बसून होती. मला वाईट वाटलं, दोघींचंही. रिक्षावाला घाई करत होता म्हणून मी उठले. रीत म्हणून वहिनीही सूप हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. मी खळ्यात उतरले आणि चपला घालत होते, तेवढ्यात मागे वळून बघितलं तर इनेस वहिनींच्या समोर उभी. तिला रडू आवरत नव्हतं. नंतर ती म्हणाली, दुसरं काही सुचलंच नाही, मराठीचा एक शब्दही आठवेना.

तिने तळहात छातीवर ठेवला. कमरेशी गाठ मारली. आणि दोनदा ओढली.

सूप खाली पडलं. तांदूळ खळ्यात सगळीकडे सांडले. वहिनींनी झडप घालून तिची दोन्ही मनगटं धरली, आणि मला वाटलं आता ही तिला मारणार. मी "माफ करा, माफ करा, तिला कळत नाही" असं ओरडत एक चप्पल घालून पुढे धावले. ओरडून उपयोग नाही हेसुद्धा मला सुचलं नाही.

पण वहिनी मारत नव्हत्या. त्यांनी मनगटं सोडली आणि हाताने सांगितलं, परत. इनेसने परत केलं. वहिनींनी पुन्हा सांगितलं, परत. असं पाच-सहा वेळा झालं असेल. प्रत्येक वेळी त्या चेहऱ्याकडे नाही, बोटांकडे बघत होत्या. मग त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला बोटाने एक चौकोन काढला आणि भुवया उंचावून इनेसकडे बघितलं. इनेसने मान डोलावली आणि आपल्या हातावर त्याच जागी चौकोन काढला.

दादा पायरीवर बसले. "बाई," ते म्हणाले, "हे पोरीला कोणी शिकवलान?"

मी उलट त्यांनाच विचारलं, हे आहे तरी काय?

त्यांनी सांगितलं ते असं. वहिनी कधी शाळेत गेल्या नाहीत, शिकवलेली खूणभाषा त्यांना येत नाही. मायलेकींनी आपल्या आपणच खुणा बसवल्या होत्या. त्यातल्या काही दादांना समजतात, बऱ्याच समजत नाहीत. सायली लहान असताना शिमग्याला पालखी यायची तेव्हा गावात ही गर्दी. "हिला ऐकायला येत नाय. पोर चुकली, रडली, तर हिला कसं कळणार? म्हणून ही काय करायची, पदराच्या टोकाची गाठ मारायची पोरीच्या फ्रॉकला. आनि दोनदा ओढून बगायची, घट्ट बसलीय ना. मंग पोर कुटं बी फिरू दे, पदर ताणला की हिला कळायचं."

पोर मोठी झाली, फ्रॉक गेला, गाठीची खूण राहिली. शाळेत जाताना, नंतर मुंबईला जाताना, एसटीच्या खिडकीतून सायली ती खूण करायची. मी बांधलेली आहे, हरवणार नाही. आणि वहिनी खालून तीच खूण करायच्या. त्याशिवाय गाडी हलली तर वहिनींना दिवसभर घास उतरत नसे.

"शेवटच्या टायमाला केलान नाय," दादा म्हणाले.

सायलीला परत मुंबईला जायचं नव्हतं. मी गेले तर तुझं बोलणं लोकांना कोण सांगणार, असा तिचा हट्ट. वहिनींनी ऐकलं नाही. स्वतः तिची बॅग भरली, हाताला धरून स्टँडवर नेली, गाडीत बसवली. माझ्यासारखी राहू नकोस, शीक, असं त्यांचं म्हणणं. पोर रागावली होती. खिडकीत बसली आणि सरळ समोर बघत राहिली. वहिनी खाली उभ्या राहून गाठ मारत होत्या, ओढत होत्या, पुन्हा मारत होत्या. गाडी गेली.

पंधरा दिवसांनी ताप आला. घरात रेंज नाही, म्हणून वहिनी दुपारी फोन घेऊन सड्यावर गडग्यापाशी जाऊन उभ्या राहायच्या, तिथे व्हिडिओ कॉल लागायचा. त्या दुपारीही लागला. सायली हॉस्पिटलच्या खाटेवर होती, डाव्या हाताला सलाईनची पट्टी. तिने आईकडे बघितलं, उजवा हात उचलला, आणि चित्र थांबलं. हात छातीपर्यंत पोचायच्या आधीच थांबलं. वहिनी तशाच उभ्या राहिल्या, हात खाली येईल म्हणून वाट बघत. कॉल कट झाला. पुन्हा लागला नाही. दुसऱ्या दिवशी ही दोघं मुंबईला पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

"तीन वरसं झाली," दादा म्हणाले. "रोज दुपारी फोन घेऊन सड्यावर जाते. मना इचारते, ती काय सांगत व्हती? रागानं बोलत व्हती काय? मी धाडली म्हणून गेली, आसं सांगत व्हती काय? मी काय सांगू बाई... मी तितं नव्हतो."

ते रडत होते, मी रडत होते, खळ्याच्या कडेला रिक्षावालाही डोळे पुसत होता. फक्त वहिनी रडत नव्हत्या. त्या खाली बसून तांदूळ वेचायला लागल्या होत्या, आणि इनेस त्यांच्या शेजारी बसून वेचत होती.

मी विहिरीवरच्या मुलीचं सगळं सांगितलं, तेव्हा दादांनी ट्रंकेतून फोटो काढला. इनेस बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हो. पण केस इतके लांब नव्हते." आता फोटोवरून 'हो' म्हणणं मी पुरावा धरत नाही. रडणारी माणसं समोर असताना कोणीही हो म्हणेल. पट्टीचंही सोडून देते, हाताला लागतंच कोणाच्याही. पण दोनदा? ते तर मायलेकी आणि महादेवदादांशिवाय वाडीतही कोणाला माहीत नव्हतं. मी विचारून घेतलंय.

घरी आल्या आल्या मी गडगा ओलांडून त्या बागेत गेले. जायला पाहिजे होतं तेव्हा गेले नव्हते. त्या वर्षी राखणीला फक्त दोन भाऊ होते. बाई-मुलगी कोणी नाही. "हमारा फॅमिली तो गाँव में है, मॅडम," थोरला म्हणाला. आजूबाजूच्या घरांतही विचारलं. डाव्या हाताला पट्टी बांधलेली, न बोलणारी मुलगी कोणी बघितली नव्हती. संस्थेच्या कागदांत सायलीचं नावसुद्धा नाही. इनेस आमच्या घरातून माझ्याशिवाय बाहेर पडली नव्हती. तेहतीस वर्षं पेपर तपासले आहेत, कॉपी कुठून झाली ते मला लगेच कळतं. इथे मला कॉपी सापडली नाही.

इनेस सहा महिने त्याच घरात राहिली. पहिल्याच दिवशी मी निघाल्यावर ती वहिनींबरोबर सड्यावर गेली आणि तिथून तिने आपल्या आईला फोन लावला, हे तिने मला नंतर सांगितलं. आई काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी ती कधीच लिहून टाकली असती. पण फेब्रुवारीत एका सकाळी दादा आणि वहिनी आमच्या दारात उभे. वहिनींच्या हातात स्टीलचा डबा. "तिला तुमची ती पायरी बगायचीय," दादा ओशाळून म्हणाले. डब्यात घावणे होते आणि नारळाचा रस. सायलीला आवडायचे.

वहिनी मागच्या पायरीवर बसल्या. मी त्या दिवशी घरात अनवाणी फिरले. यांनी टीव्ही लावला नाही. तीन वाजले, चार वाजले. वहिनी विहिरीकडे बघत बसल्या होत्या, डबा मांडीवर. मधेच गडग्यावर खारूताई आली तर त्या अर्ध्या उठल्या. पाच वाजता शेवटी दादांनी खांद्याला हात लावला.

कोणी आलं नव्हतं.

मला त्या मुलीचा राग आला. अजून येतो. परक्या देशातल्या परक्या पोरीला चार दिवस दिसलीस, शिकवलंस, चुकलं तर मान हलवून सुधारलंस, आणि जन्म दिलेली आई डबा घेऊन बसली तर दोन मिनिटं येता आलं नाही? सड्यावर तीन वर्षं उभी राहिलेली दिसली नाही तुला? आणि माझ्या विहिरीवरच का आलीस, मी तुझी कोण? ज्या बाईने चपला वाजवत येऊन तुला घालवलं तिच्या घरी? भुतं नसतात असं मी अजूनही म्हणते. मग मी रागावते कोणावर, हे मला सांगता येत नाही.

वहिनींनी डबा मला दिला. हातांनी काहीतरी सांगितलं. दादांनी अर्थ लावला, "ती म्हणते, पोर तिचं काम करून गेली. आता तुमी खा."

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. पावसची गाडी लागली होती. वहिनी खिडकीत बसल्या, मी खाली उभी. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात तो घावण्यांचा डबा. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं, तळहात छातीवर ठेवला, आणि कमरेशी गाठ मारायला लागल्या.

मी पर्स आणि डबा तिथेच जमिनीवर ठेवला. हातवारे करू नकोस म्हणून त्या पोरीला दटावणारी मी. सगळ्या स्टँडसमोर तळहात छातीवर ठेवला, कमरेशी गाठ मारली आणि ओढली.

गाडी हलली होती. वहिनींनी खिडकीतून मान बाहेर काढून नाही-नाही केलं आणि दोन बोटं दाखवली.

मी पुन्हा ओढली.